ज्यात कुणी मरत नाही

मोक्पोच्या बंदराजवळ बोंग सू-गिलचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं इस्त्रीचं. माणूस आळशी, दुकानात सदा पसारा, बायको माहेरी गेली ती गेलीच. पण सिनेमाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रत्येक कॅसेटच्या डबीत त्यानं हातानं लिहिलेलं चार ओळींचं परीक्षण असायचं. तलवारबाजी असो, भुताटकी असो, चाळीस वर्षांपूर्वीचं रडकं प्रेम असो की मागच्या महिन्यात आलेली मारामारी, खाली माप एकच: हा सिनेमा बघताना किती सुकी माकुळं, म्हणजे ती चिवट मासळी, चघळून होतील. चांगल्या सिनेमाला एकच माकूळ, कारण तोंड हलवायचं भान राहत नाही. रटाळ असेल तर पाच.

शेवट मात्र तो कुणाला सांगायचा नाही. त्याच्या सख्ख्या आईनं एकदा विचारलं, "मेल्या, खून कुणी केला तेवढं सांग, मला मासळी बाजारात जायचंय." नाही सांगितलं. म्हातारी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

त्या वर्षी पानं पिवळी पडायच्या दिवसांत वरच्या गल्लीतली ओक-बुनताई दुकानात आली. तिच्या नवऱ्याची, प्योची, चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर गेलेली आणि आता फुप्फुसं कामातून गेलेली. मोठ्या इस्पितळानं घरी पाठवलं होतं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते हिला सांगितलं, त्याला नाही. आमच्याकडे तसंच करतात. मला ते कधी पटलं नाही, पण सासऱ्यांच्या वेळी मीही तेच केलं.

"बोंगशेठ, ज्यात कुणी मरत नाही असा सिनेमा द्या," ताई म्हणाली. "त्यांच्या डोक्यात नसते विचार नकोत."

"त्यात काय! नऊशे कॅसेटी आहेत."

नऊशे! युद्धाचे गेले, तलवारींचे गेले. भुताच्या सिनेमात तर माणूस आधीच मेलेला. प्रेमकथेत नायिका अर्ध्यातच खोकायला लागते. विनोदी म्हणून लावावा, तर आजोबांच्या मयताला जमून सगळी भावंडं भांडतात. बोंग दिवसभर छोट्या टीव्हीसमोर बसून मुडदे मोजायला लागला.

"परीक्षण करतोस की पंचनामा?" मी विचारायचे. तो हसायचाही नाही. चिठ्ठ्यासुद्धा बदलल्या. 'कुणी मरत नाही. एक कोंबडी मरते, तीही पडद्यामागे.'

असे अकरा आठवडे निघाले. ताई प्रत्येक कॅसेट रिवाइंड करून आणायची, कधी चुकली नाही. बाराव्या आठवड्याला बोंगकडे काही उरलं नाही आणि ताई तर समोर उभी. त्यानं आठवणीवर भिस्त ठेवून एक जुना, काळा-पांढरा सिनेमा दिला. विसाव्या वर्षी पाहिलेला. नदी, वल्ह्यांचा आवाज, नावाडी आणि त्याची वात्रट मुलगी, एवढंच त्याच्या लक्षात होतं. ती गेल्यावर त्यानं स्वतःपुरती ठेवलेली जुनी वही उघडली. तिथं लिहिलं होतं, 'शेवटी नावाडी बुडतो. सुंदर. एक माकूळ.'

"अरे मग जा, परत घेऊन ये!" मी ओरडले.

"काय सांगून?"

खरंच, काय सांगून? तरी तो चढ चढून त्यांच्या दारापर्यंत गेला आणि तसाच हात हलवत परत आला.

"आत प्यो हसत होता," म्हणाला. "खोकत खोकत हसत होता. मुलगी बापाची टोपी पाण्यात टाकते, तो प्रसंग चालू असणार. मला दार वाजवता आलं नाही."

मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. त्याच्या जागी मी तरी काय केलं असतं!

नवव्या दिवशी ताई आली. केसांना दुखवट्याची पांढरी फीत. तिनं कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. रिवाइंड केलेली नव्हती, फीत मध्यावरच थांबलेली.

"इथवरच बघितला त्यांनी," ती म्हणाली. "'दमलो गं, उरलेला उद्या बघू,' म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, 'हा नावाडी वाचतो ना?' मी म्हटलं, 'बोंगशेठनी दिलाय, वाचणारच.' त्यांनी नुसता माझा हात थोपटला आणि डोळे मिटले. पुढचं बघायचं माझ्याच्यानं होईना. तुम्हीच सांगा, वाचतो ना तो?"

बोंगनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून इस्त्री फिरवू लागले. आईला शेवट न सांगणारा माणूस तो, त्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

"वाचतो," तो म्हणाला. "किनाऱ्याला लागतो, ताई. मुलगी तिथं उभीच असते."

ओक-बुनताई बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"असं होय," ती हळूच म्हणाली. "म्हणजे माझंही तोंड असंच दिसलं असणार त्यांना."