पहिल्या भागातलं उत्तर

येडशीत सिरसाठ सिस्टरना ओळखत नाही असा माणूस हवा असेल, तर नुकताच बदलून आलेला तलाठी गाठावा लागेल, आणि तोही आठवड्याच्या वर अनोळखी राहायचा नाही. सिस्टर म्हणजे पौर्णिमाबाई. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हयात घालवली, ईटपासून तेरखेड्यापर्यंत गावोगाव बाळंतपणं केली, आणि आता निवृत्त झाल्या आहेत असं सरकार म्हणतं. गल्लीत कुणाचं लेकरू दोनदा शिंकलं तरी ते यांच्या कानावर जातं, आणि कानावर गेलं की यांच्या पायात चप्पल असते.

बाईंना एक खोड होती. कुठलीही मुलगी "घरचे नको म्हणतात" म्हणाली, की त्या लगेच 'बारा खणांचं घर' काढायच्या. ही टीव्हीवरची जुनी मालिका. ती लागली की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. तिच्या पहिल्याच भागात थोरली सून भरल्या घरात उभी राहून सासऱ्याला सांगते, की मी नोकरी सोडणार नाही. पौर्णिमाबाई पुढं म्हणायच्या, "ती बोलली म्हणून म्या बोलले. तिचं बघून धीर आला, न्हायतर माझी कुठली छाती?" ही गोष्ट त्यांनी किती जणींना सांगितली त्याला गणती नाही. कळा देणाऱ्या बाईलाही सांगायच्या. ती बिचारी "व्हय, व्हय" करायची, पण त्या घडीला तिनं कशालाही व्हय म्हटलं असतं.

गोष्ट तशी खरी होती. नर्सचं शिक्षण संपवून पौर्णिमाबाई लग्न होऊन या घरात आल्या, आणि हळद उतरते न उतरते तोच ईटच्या दवाखान्यात नेमणूक झाल्याची ऑर्डर आली. सासरे बाबू सिरसाठ रेल्वेच्या छोट्या लाईनीवर गँगमन होते. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं असायचे आणि मुलींना शिकवा म्हणून भाषण ठोकायचे. भाषण घराच्या दारापर्यंत यायचं आणि चपलांबरोबर बाहेर राहायचं. "ईटला आपल्याला खोली कोण देणार?" ते म्हणाले. "रातच्याला बोलावणं आलं तर संगं कोण? काही नको. लिहून टाकू, येणार न्हाय म्हणून." लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून त्यांना हसणं सोपं आहे, पण त्यांची भीती खोटी नव्हती. खोली मागायला गेलं की आधी आडनाव विचारायचे, आणि मग खोली नेमकी कालच दिलेली असायची.

त्याच आठवड्यात ती मालिका सुरू झाली. गल्लीतला एकुलता एक टीव्ही सिरसाठांकडं होता, त्यामुळं सगळी गल्ली यांच्या घरात. पौर्णिमाबाईंचे यजमान राजपाल पत्र्यावर चढून अँटेना धरून बसलेले, कारण सोडली की पडद्यावर मुंग्या. दुसऱ्या दिवशी मात्र नवल घडलं. बाबूंनी स्वतः सुनेची ट्रंक खांद्यावर घेतली आणि एसटीच्या टपावर चढवून दिली. तिथून पुढं पौर्णिमाबाईंची 'सिस्टर' झाली. जीवदान दिलं ते टीव्हीतल्या सुनेनं, असं त्या मानत आल्या. काही बायका देवाचा फोटो लावतात. यांच्या मनात त्या थोरल्या सुनेचा लावलेला होता.

आता या घरात तशीच ऑर्डर पुन्हा आली होती. मुलगा प्रसेनजित धाराशिवला कॉलेजात शिकवतो. त्याची बायको चैताली रेल्वेची परीक्षा पास झाली, आणि निवड झाली ती सहायक लोको पायलट म्हणून. म्हणजे गाडी चालवायला. ज्या रुळांवर बाबू सिरसाठ हातोडी ठोकत हिंडले, त्या रुळांवरून त्यांची नातसून इंजिन हाकणार. पौर्णिमाबाईंनी ही बातमी पेढ्यांशिवायच निम्म्या गावाला वाटली होती. पण आधी प्रशिक्षणासाठी भुसावळ, आणि हाताशी दोन वर्षांचं लेकरू.

प्रसेनजित नको म्हणत नव्हता. नको म्हणणारा माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. हा "बघू" म्हणायचा. "बघू, पुढच्या वर्षी जवळची एखादी जागा निघेल. लेकरू जरा मोठं होऊ दे." आणि चैताली मान हलवायची. हजर व्हायला आठवडाच उरला तरी तिची मान हलतच होती. ती जात नाही, हे पौर्णिमाबाईंना दिसत होतं आणि ते त्यांच्या जिवाला लागलं होतं. पोर हुशार, अंगात धमक, आणि एका "बघू"पायी घरात बसणार.

अशात 'बारा खणांचं घर' वाहिनीनं पुन्हा काढलं. पहिला भाग मोबाईलवर फुकट. जो तो पाहत होता, बालपण आठवलं म्हणत होता, खाली रडक्या तोंडाची चित्रं टाकत होता. पौर्णिमाबाईंना वाटलं, ही तर आपल्यासाठीच पाठवली. आपण शंभरदा सांगून जे झालं नाही, ते थोरली सून एका वाक्यात करेल.

"रविवारी समद्यांनी बसायचं," त्यांनी फर्मान काढलं. "चैताली, तू तर पुढं बस."

रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे बसले. प्रसेनजितनं मोबाईल टीव्हीला जोडला. राजपाल खुर्चीत, पहिला भाग ते जन्मात पहिल्यांदा बघणार होते, मागच्या वेळी पत्र्यावर होते ना. पौर्णिमाबाईंच्या सासूबाई मथुराबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या. नव्वदीला टेकलेली म्हातारी, पण शीर्षकगीत लागलं तशी अंगठ्यानं ताल धरू लागली.

जुनं पुन्हा बघणं वाईट असतं. केवढं मोठं वाटलेलं ते घर. बारा खण म्हणता म्हणता दोनच खोल्या फिरवून फिरवून दाखवत होते. सासरा झालेल्या नटाची मिशी एका बाजूनं सुटली होती. राजपाल हसले, तर पौर्णिमाबाईंनी डोळे वटारले. "गप बसा. आता येतंय."

आलं. चौकात सगळं कुटुंब जमलेलं. थोरल्या सुनेला शाळेत मास्तरणीची नोकरी लागलीय. सासरा सुपारी कातरत विचारतो, "काय थोरल्या सूनबाई? शाळेला कळवून टाकू ना, येणार नाही म्हणून?" कॅमेरा सुनेच्या तोंडावर. तिनं मान वर केली. पौर्णिमाबाईंनी चैतालीचा हात घट्ट धरला.

सुनेनं सासऱ्याकडं बघितलं. डोळे भरले. मग तिनं पदर सावरला, मान खाली घातली आणि ती आत स्वयंपाकघरात निघून गेली. मागं सनई वाजली. भाग संपला.

"थांब, थांब," पौर्णिमाबाई म्हणाल्या. "काहीतरी कापलंय ह्यांनी. मागं घे."

प्रसेनजितनं मागं घेतलं. सून पुन्हा आत गेली. आणखी एकदा घेतलं. पुन्हा आत गेली. एक शब्द बोलली नाही.

"आई, ती तर काहीच बोलत नाही," प्रसेनजित म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, पण सुटल्याचा सूर होता. "बघ, तिनंही जरा दमानंच घेतलं."

पौर्णिमाबाईंचं तोंड उतरलं. भर बाजारात पदर सुटावा तसं झालं त्यांना. जन्मभर जे छातीठोक सांगितलं ते पडद्यावर नव्हतंच. किती पोरींना सांगितलं. त्यातल्या किती जणी त्या सुनेच्या भरवशावर घरात बोलल्या असतील, भांडल्या असतील. आणि ती बया तर मान खाली घालून चहाला आधण ठेवायला गेली होती. चैतालीनं मात्र त्यांच्या हातातून हात सोडवून घेतला नाही.

"म्या खोटं न्हाय सांगितलं," पौर्णिमाबाई म्हणाल्या. "माझ्या कानांनी ऐकलंय. अजून कानात हाय."

"हाय की," भिंतीकडून आवाज आला. मथुराबाई अंगठा थांबवून सुनेकडं बघत होत्या. "कानात असणारच. तूच बोललीस ते."

सगळे वळले.

"त्यो मिशीवाला इचारून ऱ्हायला, काय सूनबाई, कळवू का म्हणून," म्हातारी म्हणाली. "समदं घर चिडीचूप. टीव्हीतली काय बोलती म्हणून आमी तिच्या तोंडाकडं बघतोय. आन् तू हितं, ह्या दाराच्या चौकटीत, च्याचं ताट घिऊन उभी. तू म्हणलीस, न्हाय. म्या नोकरी सोडणार न्हाय, मामा. खोली न्हाय मिळाली तर दवाखान्याच्या वट्यावर निजंन, पर जाणार. टीव्हीतल्या बाईला कुठं ठावं होतं, खोली मिळत न्हाय म्हणून?"

"म्या? टीव्हीतलीच्या आदी?"

"आदी. आन् समद्यांच्या देखत. ताटातल्या कपबश्या खडखड वाजत हुत्या, इतकी कापत हुतीस. पर बोललीस. मग टीव्ही कुणी बघितला? समदी गल्ली तुझ्याकडं बघत ऱ्हायली. ती बया आत गेली का बाहेर गेली, कुणाच्या बापाला ठावं न्हाय."

"मग टीव्हीतली बोलली असं मला कुणी सांगितलं?"

मथुराबाई हसल्या. तोंडात एक दात, पण हसू अख्खं. "तुझ्या सासऱ्यानं. गँगमनची ताठ मान. सुनेनं भर गल्लीत न्हाय म्हणलं, आन् ह्यांनी ऐकलं, हे चारचौघांत सांगायचं कसं? सकाळी उठून समद्यांना सांगत सुटले, अरं, टीव्हीत बी आता सुना नोकरी करत्यात, जमाना बदलला, म्हणून म्या हिला धाडतोय. तू बी तेच ऐकलंस, तेच धरून बसलीस. मला मातर राती अंथरुणावर म्हणले, मथुरे, आपल्या घरात टीव्हीपरीस मोठ्यानं बोलणारी आली. आन् लई येळ हसत ऱ्हायले."

राजपालांनी कपाळाला हात लावला. "आणि मी पत्र्यावर बसून विचारतोय, आलं का, आलं का."

कुणी हसलं नाही. पौर्णिमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "आत्याबाई, इतकी वर्षं तुमी मला सांगितलं न्हाय?"

"काय सांगू?" म्हातारीचा आवाज खाली आला. "तुला वाटायचं, आपल्या आदी कुणीतरी बोललंय. म्हणलं, वाटू दे. मागं कुणी हाय असं वाटलं की बाई धीरानं चालती. खरं तर त्या दिशी तुझ्या मागं कुणीच नव्हतं, पोरी. म्या बी नव्हते. म्या त्या टीव्हीतल्या बाईसारखी गप बसले हुते. मला लई अभिमान हाय तुझा. त्यो बी सांगायचा ऱ्हाऊनच गेला."

एवढं बोलून मथुराबाईंनी पाय जवळ घेतले. पौर्णिमाबाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं. हजारो नाळा कापलेली ही बाई, तालुक्याच्या डॉक्टरलाही दरडावणारी, त्या घडीला नव्या नवरीसारखी लाजली होती. कुणाची तरी नक्कल म्हणून आपण जगलो, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि अस्सल तर त्याच निघाल्या.

त्यांना आता चैतालीला सांगावंसं वाटलं. जीभ उचललीच होती, पण काय सांगणार? ती बोलली म्हणून मी बोलले, हे आता चालणार नव्हतं. मी बोलले म्हणून तू बोल, हे म्हणायला जीभ धजेना. त्या गप्प बसल्या. सिरसाठ सिस्टर गप्प बसल्या, हे येडशीत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

प्रसेनजित टीव्हीची वायर काढत होता. "चला, झालं," तो म्हणाला. "बरं, चैताली, ते भुसावळचं आपण संध्याकाळी बघू."

"अहो, बघायचं काही नाही त्यात," चैताली म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मी इतके दिवस वाट बघत होते, की कुणीतरी म्हणेल, चैताली, जा. आईंनी ढकललं तर जाईन, तुम्ही म्हणालात तर जाईन. हा भाग बघूनसुद्धा धीर येईल असं वाटलं होतं. असं कुणी येत नसतं, हे आत्ता कळलं. मी शुक्रवारी निघते. बाळाला तुमची सवय आहे. रात्री उठला तर पाणी पाजा आणि पाठीवर थोपटा, झोपतो तो."

प्रसेनजित हातात वायर घेऊन उभा राहिला. त्यानं आईकडं पाहिलं. पौर्णिमाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आजीकडं पाहिलं, तर आजीनं डोळे मिटून घेतले. तिथून "बघू" म्हणायला जागाच उरली नव्हती.

"पाणी कोमट लागतं का त्याला?" त्यानं विचारलं.

"साधं चालतं," चैताली म्हणाली, आणि बॅग काढायला आत गेली.