डबल घंटी

कंडक्टर काका नव्या माणसाचा चेहरा पाहत नसत, आधी मनगट दाबून पाहत. मग गुंतलेल्या तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचा, एक गोळा त्याच्यापुढे टाकत आणि म्हणत, "सोडवा." गळ टाकायला शिकायचंय म्हणून आलेला माणूस तो गुंता कसा सोडवतो, यावर त्याच्या हाती कोणती काठी द्यायची हे ठरे. "काठी मासा पाहून नाई, मानूस पाहून घ्या लागते," असं त्यांचं ठाम मत होतं.

मी परतवाड्याच्या शाळेत गणित शिकवतो. मी तो गुंता दोन मिनिटं ओढला, तिसऱ्या मिनिटाला दातानं तोडला. काकांनी माझ्याकडे पासाची मुदत संपलेल्या प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं. "सर, तुमाले साधी गाडी," ते म्हणाले.

काकांची सारी नोकरी एसटीत गेली, तीही बहुतेक धारणीच्या घाटात. निवृत्त झाले तरी खांद्यावरची बॅग सुटली नव्हती. फक्त तिकिटांच्या जागी गळ आणि तंगूस गुंडाळायच्या चरख्या आल्या होत्या. त्यांच्याकडे तीन काठ्या होत्या, तिन्ही बांबूच्या, धारणीच्या बाजारातून निवडून आणलेल्या. 'साधी गाडी' लांब आणि शेंड्याला लवचिक. ती कणकेच्या गोळीसाठी, कारण ताठ काठीनं फेकलं तर गोळी एकीकडे जाते आणि गळ दुसरीकडे. 'जलद' मधल्या ताकदीची, पाठीत वाकणारी. तिनं माशाला भुलवायला चकाकता चमचा लांब फेकायचा आणि पाण्यातून ओढत आणायचा. आणि 'घाटवाली' भरीव बांबूची, आखूड, ताठ. ती रबरी बेडकासाठी. शेवाळावरून बेडूक नाचवत आणायचा, आणि मरळ मासा तो तोंडात धरून खाली घुसला की त्याला झाडोऱ्यासकट वर खेचायचं. ते काम लवचिक काठीचं नाही.

चमचे काका घरीच बनवत. म्हणजे काकूंच्या मांडणीवरचा चमचा उचलायचा, दांडी कापायची आणि भोक पाडायचं. एकदा माझ्यासमोरच काकूंनी त्यांना धरलं. "पाहुन्यायले पोहे काय हातानं खा म्हनू?" काका शांतपणे म्हणाले, "पाहुने मोजून बोलवावं." त्यानंतर काकू चमचे पिठाच्या डब्यात लपवू लागल्या आणि काका कणीक आणायला स्वतः जाऊ लागले.

गंमत म्हणजे हा माणूस माळकरी. मासा पकडला की ओल्या हातानं त्याच्या डोक्यावर बोट ठेवायचं, "तिकीट?" असं विचारायचं आणि पाण्यात सोडून द्यायचं. "मी फक्त चेकिंग करतो," म्हणायचे. दिवसभराच्या मेहनतीनंतर आम्ही गावाजवळच्या धरणावर बसून पोळी आणि ठेचा खायचो.

गळ टाकण्याचं सारं शास्त्र त्यांनी घंटीत बसवलं होतं. तंगूस एकदा हललं की सिंगल घंटी. गाडी थांबवायची, म्हणजे आपण थांबायचं. लागोपाठ दोनदा ताण आला की डबल घंटी, तेव्हा ओढायचं. बेडकाच्या बाबतीत तर हे फारच खरं. पाणी फुटतं, आवाज होतो, माणूस घाबरून झटका देतो आणि मरळीच्या तोंडात नीट न गेलेला बेडूक उडून आपल्याच कपाळावर येतो. माझ्या कपाळावर तो तीनदा आलेला आहे.

धरणाच्या मागच्या उथळ पाण्यात एक जुनी, थोराड मरळ होती. काकांनी तिचं नाव तहसीलदार ठेवलं होतं, कारण कधीही जा, भेट होत नसे. सहा वर्षं ते तिच्या मागे होते. "एकडाव त्याचं तिकीट पाहाचं हाये, सर. मंग काही मागनं नाई." घाटवाली त्यांनी तेवढ्यासाठीच राखून ठेवली होती आणि मला कधी हातही लावू देत नसत.

मला त्याचा राग होता. मी गुपचूप ऑनलाइन कार्बनची काठी मागवली. सांगणाऱ्यांनी सांगितलं होतं, हिनं सगळं होतं. एका रविवारी एकटाच गेलो, बेडूक टाकला आणि चक्क तहसीलदार उठला! मी पाणी फुटताच सगळ्या ताकदीनं झटका दिला. बेडूक पळसावर गेला, काठीचा शेंडा दगडावर आपटून मोडला, आणि तहसीलदार पुढचे तीन महिने रजेवर गेला. काकांना सांगावंच लागलं. त्यांनी मोडका शेंडा हातात फिरवला आणि एवढंच विचारलं, "डबल घंटी झाल्ती?"

मग त्यांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी वाजू लागली, मग चरखीत तंगूस गुंतू लागलं. एका सकाळी धरणावर त्यांनी तो गुंत्याचा गोळा काढला आणि स्वतःच सोडवायला बसले. बराच वेळ. शेवटी तो खाली ठेवून म्हणाले, "आता मले काठी द्या, सर. तुमी मास्तर हा, नापास कराची सवय असंन."

मी घाटवाली त्यांच्यापुढे केली. खोटं बोलण्याचा तो माझा प्रयत्न होता.

"लिहाज नका करू," काका म्हणाले. "जिंदगीभर फुकट्या सोडला नाई, स्वतःले कसा सोडू?" त्यांनी साधी गाडी उचलली आणि घाटवाली माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हवी असलेली काठी अशी मिळायला नको होती.

मी बेडूक शेवाळावर टाकला. काका मागे उभे राहिले, हात माझ्या खांद्यावर. तो हात सारखा थरथरत होता. दोन-चार फेऱ्या कोरड्या गेल्या आणि पाचव्यांदा पाणी फुटलं. माझं मनगट शिवशिवलं. मी दात आवळून थांबलो. खांद्यावरची थरथर चालूच होती. घंटी कोणती आणि कंप कोणता, कळेना. मग त्याच हातानं स्पष्ट, जोरात, दोन थापा दिल्या. मी ओढलं.

शेवाळाच्या ढिगासकट तहसीलदार काठावर आला, हातभर लांब. काकांनी हात ओला केला आणि थरथरतं बोट त्याच्या डोक्यावर ठेवलं. "साहेब, तिकीट?" थोडं थांबून म्हणाले, "बिनतिकीट निघाला, पाहा." आणि सोडून दिला. त्यांचे डोळे भरले होते. माझे तर वाहत होते.

पुढच्या महिन्यात मुलगी त्यांना उपचारासाठी नाशिकला घेऊन गेली. काकूंनी निघताना उरलेले चमचे मोजून घेतले. स्टँडवर काकांनी खिडकीतून मला विचारलं, "घाटवालीले तेल लावसान ना?" मी हो म्हणालो. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, मलाही. तरुण कंडक्टर अजून खालीच फोनवर बोलत उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वर घंटीच्या दोरीकडे हात नेला. तो तिथवर पोचेना.

मी पुढे झालो आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.