कूलर बंद कर

आज हिंगणघाटच्या घरी कूलरला नवी खस लावली आणि त्या पहिल्या ओल्या वासानंच माझं डोकं फिरलं. दर उन्हाळ्यात फिरतं.

बाबा शाळेत शिकवायचे आणि गावच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. मी लहान असताना एका उन्हाळ्यात एका थोर संगीतकाराच्या जयंतीला त्याच्याच रचना वाजवायच्या होत्या. हॉलमध्ये दोन्ही बाजूंनी मोठाले कूलर घरघरत होते. बाबांनी हात जोडून आयोजकांना विनवलं, "थोडा वेळ बंद करा ना भाऊ, हे लय हळू वाजते."

"काऊन? पाहुण्यायले घामात बसवता काय?" आयोजक खेकसले.

मग मला पहिल्या रांगेतूनही बाबांचा गज नुसता हलताना दिसला. सूर एकही ऐकू आला नाही.

शेवटी प्रमुख पाहुणे भाषणाला उठले, तसे तेच आयोजक ओरडले, "अबे, कूलर बंद कर! सायबाचा आवाज ऐकू नाई येऊन राह्यला!"

सगळा हॉल चिडीचूप झाला. बाबांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि खटकन कडी लावली. मागच्या रांगेतल्या माना वळल्या.

तेव्हा वाटलं, आवराआवर चालली आहे. आता कळतं, त्या संध्याकाळी बाबांनी वाजवलेलं तेवढंच सगळ्यांना ऐकू आलं.