आधी तू बस

आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींचं आधी सांगते, मग काय घडलं ते. कारण त्या नसत्या तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. मी पडद्याआडून रस्ता बघत बसले असते. आजी उंचीला माझ्याएवढ्याच, म्हणजे इथल्या मानाने बुटक्या. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. नवरा कारच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि लगेच गेला. आमच्या या नेकारसुल्म गावात कुठलंही दार वाजवा, घरातलं कुणी ना कुणी त्या कारखान्यात असतंच. आमचे हेही तिथेच. आजींनी पहिल्याच वर्षी मला सांगितलं होतं की आपण शेजारी आहोत, मला अगं-तुगं कर. मला ते आजतागायत जमलेलं नाही. माझी मुलगी त्यांना ओमा म्हणते. मी मनातल्या मनात आजी म्हणते.

मी नववीतून शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, आईचं ऑपरेशन झालं, सगळे म्हणाले दोन महिने घरी थांब, आणि त्या दोन महिन्यांतून मी बाहेर आलेच नाही. बार्शीच्या घरात सात माणसांचा स्वयंपाक होता. पुढे आत्याच्या मुलाशी लग्न झालं, हे शिकत शिकत इंजिनिअर झाले, आणि यांच्या मागोमाग मी जर्मनीत. इथे गणपतीला जमणाऱ्या बायका पुण्या-मुंबईच्या, बहुतेक सॉफ्टवेअरवाल्या. कुणी "तू काय करतेस गं?" म्हटलं की मला एकदम प्रसादाची वाटणी आठवायची.

आजी एका संस्थेला मदत करायच्या. ही संस्था कोरियातल्या गरीब घरांतली, काही अनाथाश्रमांतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं दहा दिवसांसाठी इकडे आणायची. मुलांनी जग बघावं, परक्या माणसांशी बोलावं, मान वर करून चालायला शिकावं, असा हेतू. राहायचं लोकांच्या घरी. त्या उन्हाळ्यात दोन मुलींना घर मिळत नव्हतं. आजी फॉर्म घेऊन वर आल्या.

"तुझ्याकडे एक खोली मोकळी आहे आणि तुला स्वयंपाक येतो. आणखी काय लागतं?"

फॉर्मवर एक रकाना शिक्षणाचा होता. मी म्हटलं, "हा रिकामा सोडला तर?"

"का सोडायचा? जे आहे ते लिही."

"लाज वाटते."

"मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून बेकरीत उभी राहिले," आजी म्हणाल्या. "लिही म्हणते ना."

मी लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं.

मुली आल्या तेव्हा हे नेमके हंगेरीच्या प्लांटवर, दोन आठवड्यांसाठी. एक मुलगी उंच, केस डोळ्यांवर ओढलेले, बोलणं जवळजवळ नाहीच. दुसरी चष्मेवाली, तिला थोडं इंग्रजी यायचं. दारातच दोघी कमरेत वाकल्या आणि वाळवलेल्या समुद्री पानांचं पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. मीही ते दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं. मला वाटलं, चला, एवढं तरी आपल्याला कळतंय.

पहिल्या संध्याकाळी बटाट्याची भाजी, वरण-भात आणि फुलके केले. मिरची नावाला. ताटं वाढली आणि मी शेगडीपाशी उभी राहिले. फुलका तव्यावरून उतरला की थेट पाहुण्याच्या ताटात, आणि घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर. पाहुणे समोर असताना आपण खुर्चीवर बसायचं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझी सात वर्षांची लेक मचमच खात होती. त्या दोघी हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"ईट, ईट," मी म्हणायची. त्या हसायच्या, मान हलवायच्या. मी पाठ वळवली की चमच्याचा आवाज यायचा, पाच-सहा घासांचा. वळून बघितलं की चमचा खाली, भाताचा डोंगर तसाच. फुगलेला फुलका ताटातच बसून चामडं व्हायचा.

दुसऱ्या दिवशी नूडल्स केल्या. तिसऱ्या दिवशी इंटरनेटवर बघून कोरियन अंड्याचा भात. तेच. चष्मेवाली फोनवर भाषांतर करून दाखवायची: जेवण चांगले आहे, तुमच्या कष्टांबद्दल आभार. मग त्या खोलीत जायच्या आणि मी ती ताटं समोर घेऊन एकटी बसायची.

आत्याचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, मसाला उग्र झाला असेल. आणि तू मधे बसत नाहीस ना जेवायला? पाहुण्यांचं आधी होऊ दे."

"नाही हो आत्या, मी उभीच असते."

"शहाणी माझी."

चौथ्या दिवशी दुपारी संस्थेच्या बाईंचा फोन. सहलीत माझ्याकडच्या दोघींनी तीन-तीन ब्रेत्सेल खाल्ले म्हणे. एवढी पावाची खारी, कडक वेटोळी, तीन-तीन! आणि वर चौथ्याकडे बघत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, घरचं जेवण छान असतं. बाईंना ते खरं वाटलं नाही, आणि वाटावं तरी कसं?

"उद्या संध्याकाळी मी त्यांना दुसऱ्या घरी हलवते," बाई म्हणाल्या. "अनुभवी कुटुंब आहे, दोघंही शिक्षक. तुमची काही चूक नाही, खरंच."

दोघंही शिक्षक! मोठ्या अक्षरातली माझी नववी त्यांच्या फायलीत होतीच. या देशात आल्यापासून मी सगळ्यांना 'या, या', म्हणजे हो हो, म्हणत आले होते. घरमालक जे बोलेल त्याला 'या', डॉक्टरला 'या', किंडरगार्टनमधल्या बाईंना तर न समजताही 'या'. त्या दुपारी माझ्या तोंडून "नाइन" गेलं, म्हणजे नाही. पुढचं वाक्य जुळेना, तरी म्हटलं, "नाइन. मुली इथे राहतील. माझ्या घरी कुणी उपाशी राहत नाही."

"उद्या सहाला येते," एवढंच बोलून बाईंनी फोन ठेवला.

मी खाली आजींकडे गेले. रडले, ते लपवत नाही.

"तू काय म्हणालीस तिला?"

"नाइन म्हटलं."

"एंडलिश!" आजी टाळी वाजवून म्हणाल्या. म्हणजे, एकदाची म्हणालीस. "आज मी तुझ्याकडे जेवायला. बघू तरी काय होतं."

संध्याकाळी आजी दोघींच्या मध्ये बसल्या. मी वाढलं, पहिला फुलका आजींच्या ताटात टाकला. मुलींचे हात मांडीवर. पण आज आजींचेही हात टेबलावर स्वस्थ.

"घ्या ना," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"तुमचं सगळ्यांचं झालं की. आमच्यात तसंच असतं."

"आमच्यात घरची बाई बसल्याशिवाय कुणी चमचा उचलत नाही. आधी तू बस."

"फुलका गार होईल हो."

"होऊ दे. चार दिवस सगळं गार होतंच आहे ना?"

मी शेगडी बंद केली. खुर्चीच्या अगदी कडेला टेकले, कुणी उठ म्हणालं तर पटकन उठता यावं म्हणून. चष्मेवाली माझ्या हाताकडे बघत होती. मी तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. आजी "गुटेन अपेटिट" म्हणाल्या आणि त्यांनी चमचा उचलला. आणि त्याच क्षणी त्या दोन मुलींचे चमचे उठले. असे उठले की बस्स! भात, वरण, भाजी, गार फुलका, सगळं. आजींच्या वाटणीची भाजीसुद्धा गेली.

लेक ओरडली, जर्मनमध्येच, कारण ती मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते: मम्मा, त्या तुझ्यासाठी थांबल्या होत्या!

चष्मेवालीनं फोनवर लिहून दाखवलं. त्यांच्याकडे थोरांनी चमचा उचलल्याशिवाय लहानांनी खायचं नाही; माझी पाठ वळली की भुकेपोटी चोरून घ्यायच्या तेवढेच घास. चार दिवस या घरात मीच थोर होते, आणि मी काही खातच नव्हते. मग उंच मुलीनं फोन ओढून घेतला. तिचं लिहून व्हायला वेळ लागला. भाषांतर मोडकंतोडकं होतं, पण समजलं: आम्हाला वाटलं घरात तुमच्यापुरतं उरत नाही, म्हणून आम्ही तुमच्यासाठी ठेवत होतो.

मी उठले. तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रीज उघडून दाखवला. तांदळाची दहा किलोची गोणी दाखवली, पिठाचा डबा, डाळींच्या बरण्या, एकेक झाकण उघडून. ती बघत राहिली. मग तिनं गोणीत हात घालून बघितला, खालपर्यंत तांदूळ आहे ना ते. त्या मुलीला हे तपासून बघायची सवय असणार. मी तिला पोटभर तपासू दिलं.

दुसऱ्या दिवशी बाई सहाला पाच मिनिटं असतानाच आल्या. आम्ही पाचही जणी टेबलावर. आजी बोलावल्याशिवायच आल्या होत्या. मी तोंडात घास असतानाच दार उघडलं. एरवी लाजेनं मेले असते. घास चावत म्हटलं, "या, बसा. आमचं जेवण चाललंय."

बाईंनी ताटांकडे पाहिलं. तरी म्हणाल्या, "तर मग, बॅगा भरल्यात का?"

मुलींना संस्थेनं एक वही दिलेली. रोज एका अनोळखी माणसाशी बोललेलं एक वाक्य त्यात लिहायचं. उंच मुलीची पानं कोरी होती. ती उठली, डोळ्यांवरचे केस मागे सारले आणि बाईंकडे बघत म्हणाली, "नाइन. हियर." नाही. इथेच.

हे तिला कुणी शिकवलं, विचारलं तर आजी आजही छताकडे बघतात.

मुलींना धीट करायला त्यांना एवढ्या लांब आणलं होतं. आता एक धीट झाली, ती नेमकी बाईंसमोरच. बाईंनी पर्स खुर्चीला अडकवली. आजींनी त्यांच्यापुढे फुलक्यांचा डबा सरकवला. दोन खाल्ले त्यांनी. जाताना म्हणाल्या, "तुमचा फॉर्म पुढच्या वर्षीसाठीही ठेवते." मी जर्मनमध्ये 'या' म्हटलं. त्या दिवशी ते मनापासून होतं.

मुली उरलेले दिवस माझ्याकडेच राहिल्या. मी फुलके आधी करून डब्यात ठेवायची आणि सगळ्यांबरोबर बसायची. मनातली धाकधूक गेली नाही, ती माझी जन्माची सोबतीण आहे. तिच्यासकट बसायची.

आत्याला मी सगळं सांगितलं. "मी बसले, आत्या. पहिला घास मीच घेतला."

"मग वाढत कोण होतं?"

"टेबलावर ठेवलं होतं. ज्याचं त्यानं घेतलं."

"छान हो! परदेशात जाऊन हे शिकलीस?"

"हो," मी म्हटलं. "हेच शिकले."

आजींनी ऐंशी ओलांडली आता. विमानात कधी बसल्या नाहीत. मी त्यांना सांगून ठेवलंय, तुम्हाला बार्शीला नेणार. त्या म्हणतात, "मग लवकर कर, मी फार थांबणारी नाही." तेव्हा हे लिहूनच ठेवते. आमच्या घरात पुरुषांची पंगत आधी बसते, मग मुलांची, बायकांची शेवटी, उरलंसुरलं पुढे ओढून. आजी, त्या घरात पहिल्या पंगतीला तुम्हाला बसवीन. तुमच्या एका हाताला माझी आई, दुसऱ्या हाताला आत्या. फुलके गार झाले तर होऊ देत. तुम्ही तिघींनी घास उचलल्याशिवाय त्या घरात कुणाचा हात ताटाला लागणार नाही. बघते कोण लावतो ते.