दारावरचा लवूकाका

आमच्या कलापथकाच्या तालमीला दारावर बसायचं काम लवूकाकाने आपणहून अंगावर घेतलं होतं. गाणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता, ऐकणाऱ्यांवर तर मुळीच नव्हता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, साध्या कपड्यातले पोलीस चाळीचाळींतून कान देत फिरत, त्यामुळे आम्हीही त्याला हसायचं सोडून दिलं होतं. पहिली पाळी करून गिरणीतून आला की तो स्टूल टाकून बसायचा आणि रोजच्या चहावाल्यालाही नाव विचारायचा.

तालीम संपली की त्याचा मेळा सुरू व्हायचा. शाळेत असताना, पस्तीस-छत्तीस सालात, तो लालबागच्या एका गणपतीच्या मेळ्यात झांजा वाजवायचा. त्या काळी पोरं मेळ्यांसाठी वेडी होती. दहा दिवसांत एकेक मेळा पार गिरगावापर्यंत जाऊन गायचा, आणि कुणाची चाल नवी यावर वर्षभराची इज्जत ठरायची. म्हणून तालमीला खिडक्यांवर गोणपाटं टांगत. तसला आवाज पुन्हा होणे नाही, असं म्हणून तो आमच्याकडे बघायचा.

मग गाडी दौलतवर यायची. दौलत त्याच्या बाकावरचा जिवाभावाचा दोस्त, आणि मेळ्याचा मुख्य गायक. त्या वर्षी यांची राखून ठेवलेली चाल करी रोडच्या मेळ्याने चतुर्थीलाच गायली. दौलतची मावशी करी रोडला राहायची, दर रविवारी तो तिच्याकडे जायचा. लवूकाकाने हे सगळ्यांसमोर सांगितलं. दौलतला त्याच दिवशी काढून टाकलं, आणि त्याच्यावाचून मेळा पुढच्या वर्षी बसलाच. तेव्हापासून बावीस वर्षं लवूकाका त्याच्याशी बोलला नव्हता. तो आता शीव कोळीवाड्याला कुठे राहतो, हे मात्र त्याला खोली नंबरासकट ठाऊक होतं.

श्रावणात एक टकलू गृहस्थ रोज आमच्या खिडकीखाली येऊन उभा राहू लागला. लवूकाकाने तीन दिवस दम धरला आणि चौथ्या दिवशी त्याला कॉलर धरून आत आणलं. सीआयडी पकडल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. निघाला तो सीताराम, त्याच करी रोडच्या मेळ्यातला पेटीवाला. ढोलकी ऐकली की पाय थांबतात, म्हणाला. लवूकाकाला ते पटलं नाही, पण साक्षीदार आयता हाती आला होता.

"आता तरी कबूल कर," तो आम्हा सगळ्यांना ऐकवत म्हणाला. "चाल तुम्हाला दौलतने दिली ना?"

"कोण दौलत? चाल तूच दिलीस," सीताराम म्हणाला. "आमचा नळ आटला की आम्ही तुमच्या नळावर यायचो. तू घागर भरताना गुणगुणायचास, मी मागे रांगेत. तीन दिवसांत अख्खं गाणं पाठ."

लवूकाकाने त्याला खोटारडा ठरवून हाकललं. मग घरी जाऊन कमलकाकूला, मी नळावर गुणगुणतो का, असं सहज म्हणून विचारलं. ती तांदूळ निवडत होती. आज सकाळीही नळावर तेच चाललं होतं तुमचं, ती म्हणाली, अख्ख्या चाळीला ते गाणं येतं.

तो जेवला नाही. रविवारी मला घेऊन कोळीवाड्याला निघाला, कारण दौलत तोंडावर दार आपटेल असा त्याला संशय होता. दौलतने दार उघडलं. लवूकाकाने दारातच उभं राहून, नळापासून काकूपर्यंत, सगळं एका दमात सांगितलं.

"मला तेव्हाच माहीत होतं," दौलत म्हणाला. "त्या रांगेत मीपण होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा विश्वास बसला असता?"

मला लवूकाकाची दया आली आणि रागही आला.

"नाही रे," तो म्हणाला, आणि तिथेच खाली बसून रडायला लागला.