भाड्याच्या खोलीची घरभरणी

निवाऱ्यात नवं माणूस आलं की आत्या त्याला दोनच गोष्टी विचारायची. "जेवलास का?" ही पहिली. उत्तर काहीही आलं तरी ताट वाढलं जायचंच. त्या माणसाचा पहिला घास तोंडात जातोय न जातोय, तोच दुसरा प्रश्न यायचा, "मग, हितून जाणार कवा?"

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चांगलाच राग आला होता. शहरातल्या बेघरांसाठी राज्यभर निवारे सुरू झाले होते आणि नांदेडच्या निवाऱ्यावर माझी नेमणूक झाली होती. मी लातूरची, समाजकार्य शिकून नुकती बाहेर पडलेली. बसस्टँडवर, पुलाखाली निजणाऱ्या माणसांच्या विनवण्या करून त्यांना मी घेऊन यायची, आणि ही बाई त्यांना आल्याआल्या जायचं विचारायची! मी तसं बोलून दाखवलं. आत्या डाळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पोरी, हितं कुनी ऱ्हायाला यायचं नसतंय. हितून आपल्या घरी जायाला यायचं असतंय. बसस्टँडवरून उचलून हितं टाकलं, तर फकस्त छप्पर बदललं."

आत्या कंधारकडची. निवाऱ्यात स्वयंपाकाला म्हणून आली आणि आवाजाच्या जोरावर व्यवस्थापक झाली, असं ती स्वतःच अभिमानानं सांगायची. आवाज खरोखरच जबर होता. अंगणात उभी राहून ती कुणाला हाक मारायची तेव्हा रस्त्यावरून जाणारे रिक्षावाले थांबायचे. तिला कुणी 'अहो' म्हटलेलं चालायचं नाही. "मी काय तुझी सासू हाय का?" म्हणून अंगावर यायची. त्यामुळे ऐंशी वर्षांच्या आजोबांपासून माझ्यापर्यंत सगळे तिला 'ए आत्या'च म्हणायचे.

एकदा लातूरला सगळ्या जिल्ह्यांच्या निवाऱ्यांची बैठक होती. नांदेडच्या निवाऱ्यात खाटा रिकाम्या का, असं निवाऱ्यांचं काम बघणाऱ्या तिथल्या साहेबांनी विचारलं. आत्या उभीच राहिली. "रिकाम्या हायत, कारन मानसं घरी गेली. भरलेल्या ऱ्हायल्या तर काळजी करा." साहेब भला माणूस. हसून म्हणाले, "आत्या, पण रिकाम्या खाटांसाठी मी वर निधी कसा मागू?" ती म्हणाली, "त्ये तुमचं काम. मी मानसं घालवते, तुमी वरच्यांचं डोस्कं खावा." साहेबांनी खरंच खाल्लं असावं, कारण पुढे खोली मिळालेल्या माणसांची वर्षभर विचारपूस करायचं कामही आमच्याकडे रीतसर आलं. आत्या ते आधीपासूनच करत होती.

खोली शोधायला निघताना आत्या ठेवणीतलं इरकल नेसायची. मला ताकीद असायची, बेघर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "बेघर म्हनलं की दार लागलंच म्हनून समज." घरमालकाच्या ओट्यावर ती हक्कानं बसायची, पाणी मागायची, मग चहा व्हायचा. आमच्याकडे खोली देण्याआधी "कोणाचे?" असं विचारतात. त्या एका शब्दात गाव, आडनाव, जात सगळं येतं. आत्या पदर सावरून सांगायची, "माझे. तक्रार आली तर मला बोलवा." लबाडीचं एक अक्षर नाही, आणि हवं ते उत्तरही नाही.

गोदाबाईच्या वेळी मात्र हे सगळं फिकं पडलं. ती चाकूरकडची. नवरा गेल्यावर दिरानं बाहेर काढलं, तेव्हापासून नांदेडच्या बसस्टँडवर. दिवसा एका खानावळीत भाकरी थापायची. कमवत होती, निर्व्यसनी होती, पण एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. निवाऱ्यात आली तेव्हा आत्याचा दुसरा प्रश्न ऐकून तिनं एवढंच सांगितलं, "मला आतून लावायची कडी पायजे. मग लगेच जाते."

पुष्कळ ओटे झिजवल्यावर शहराच्या कडेला भुजंगरावांची खोली मिळाली. सलग खोल्यांची चाळ, पुढं सामाईक नळ. भुजंगराव तोंडानं फटकळ, पण खोली दिली. आणि आत्यानं लगेच घरभरणीची तयारी काढली.

भाड्याच्या खोलीची घरभरणी कुणी करतं का? आत्या करायची, प्रत्येकाची करायची. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, शेगडीवर उतू जाणारं दूध, आणि गल्लीतल्या सगळ्या बायांना गव्हाची खीर, जिला आम्ही हुग्गी म्हणतो. सवाशीण की विधवा, हे ती बघायची नाही. "जिनं आपल्या घरात खाल्लं, ती आपल्याला घालवा म्हनत न्हाई," एवढंच तिचं शास्त्र.

बाया पंगतीला बसल्या होत्या. गोदाबाई वाढत होती. तेवढ्यात भुजंगराव आले. स्वतःच्या खोलीला तोरण बघून दारातच थबकले.

"हे काय चालू हाय?"

"घरभरनी," एका म्हातारीनं सांगितलं.

"घरभरनी? म्या खोली भाड्यानं देऊन राहिलो का इकून राहिलो? आज घरभरनी केली, उद्या कब्जा सांगायला मोकळ्या! न्हाई जमायचं. आत्ताच्या आत्ता खाली करा."

मी भाडेकराराचं काहीतरी समजावू लागले. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मागं वळून बघते तर गोदाबाईनं खिरीचं पातेलं खाली ठेवलं होतं आणि चादरीत आपली दोन लुगडी बांधायला घेतली होती. भांडली नाही, रडली नाही. निघायचं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

आत्यानं तिच्या हातातलं गाठोडं हिसकावून घेतलं आणि स्वतः त्यावर बसली. मग भुजंगरावांना म्हणाली, "भाऊ, बसा आधी. घर तुमचंच हाय, आन् जल्मभर तुमचंच ऱ्हाईल. भरनी तेवढी हिची. रिकाम्या खोलीत उंदरं नाचत हुती, त्यांनी मागितला का कब्जा?"

बायांत हशा पिकला. मघाची म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की दादा. आमी खीर खाल्ली बाईची. आता तिला कोन्त्या तोंडानं जा म्हनावं?" दुसरीनं री ओढली. भुजंगरावांनी एकेकीकडं पाहिलं, बायकोही पंगतीतच बसलेली दिसली, आणि त्यांचा आवाज खाली आला. कब्जा सांगणार नाही असं गोदाबाईकडून तीनतीनदा वदवून घेऊन ते अखेर टेकले. खीर खाल्ली. गूळ कमी पडलाय म्हणाले.

पुढं गोदाबाई काही ना काही निमित्त काढून निवाऱ्यात यायची. आत्या तिला आत घ्यायची नाही. "कामून आलीस? चहा पाजायचा आसंल तर मी येते तुझ्या घरी," असं फाटकातूनच सांगून परत पाठवायची. मला हे क्रूर वाटायचं. पण आत्या शब्दाला जागून जायची, तिच्या खोलीत बसून चहा प्यायची, रेशनकार्डाचं काम झालं का, नळावरची भांडणं मिटली का, हे बघून यायची. गोदाबाईचं येणं हळूहळू थांबलं. मग आत्यानंही जाणं कमी केलं. "लई गेलं की गल्लीत पुसत्यात, ही कोन," म्हणायची.

आत्याचे गुडघे गेले आणि तिनं कंधारला भाच्याकडं जायचं ठरवलं. जाण्याच्या आधी आम्ही दोघी भाजीबाजारात गेलो होतो. समोरून गोदाबाई आली. अंगावर नवं लुगडं, बरोबर गल्लीतल्या दोन नव्या बाया. तिनं आम्हाला पाहिलं. नजरेला नजर मिळाली, आणि ती सरळ पुढं निघून गेली. "कोन गं त्या?" असं बरोबरच्या बाईनं विचारलेलं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. गोदाबाईचं उत्तरही ऐकू आलं.

"कुनास ठाव. आमच्या गल्लीतल्या न्हाईत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हाक मारणार, तोच आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "ऐकलंस का?" ती म्हणाली, "ऐकलंस का गं?" मी काय ऐकलं होतं आणि तिनं काय ऐकलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

निरोपाच्या दिवशी निवाऱ्यात छोटा कार्यक्रम होता. शाल झाली, नारळ झाला. लातूरचे साहेबही आले होते. दोन शब्द बोला म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. एरवी माईकशिवाय चौकापर्यंत पोचणारा तो आवाज त्या दिवशी पहिल्या रांगेलाही नीट ऐकू आला नाही.

"आमची गोदी म्हनली, 'आमची गल्ली'," आत्या म्हणाली, आणि डोळे पुसत खाली बसली.