गाडीत काही बिघाड नाही

आमची पिकअप विकली गेली त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं, तेवढं ती घेतली त्या दिवशी आमच्या ह्यांनाही वाटलं नसेल. आणि त्यांना तर तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमचं घर होतं, आणि घरापुढच्या ड्राइव्हवेवर ही गाडी. पुढे तिघांपुरती बैठक, मागे उघडा हौदा, आणि त्या हौद्यात सरकवून बसवलेली एक अख्खी खोली. तिला कॅम्पर म्हणतात. दोन शेगड्या, ताटाएवढं सिंक, बर्फाची पेटी, झोपायच्या वेळी पलंग होणारं टेबल. चार कोपऱ्यांना चार जॅक लावले की खोली उचलून बाजूला ठेवता येते, पण आमची सहसा गाडीवरच असायची. हे सगळं कशासाठी, तर फिरायला निघालं की तिसऱ्या दिवशी ह्यांना वरणभात लागायचा. डोंगर बघू, नद्या बघू, पण सँडविच खाऊन नाही. त्यापायी मी यलोस्टोनच्या गरम झऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर पिठलं ढवळलंय. बाकीचे लोक झऱ्यांचे फोटो काढत होते आणि मी हिंगाची डबी शोधत होते.

गाडी आम्ही वापरलेली घेतली होती, पण ह्यांनी ती नव्या गाडीपेक्षा चांगली ठेवली. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. म्हणून दर शनिवारी, बोटं बधिर होईपर्यंत, गाडीचं पोट धुवायचं. थंडी सुरू व्हायच्या आत कॅम्परच्या नळांतलं सगळं पाणी काढायचं. वसंतात छपराच्या सांध्यांवरून हात फिरवायचा, कुठे फट पडली असेल तर बुजवायची. माझ्या दुखऱ्या गुडघ्यावरून कुणी इतक्या मायेनं हात फिरवला नाही, हे मी त्यांना वेळोवेळी ऐकवलेलं आहे.

आणि एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, गाडीच्या खणात ठेवलेली. तारीख, मीटरचा आकडा, किती मैल चालली, काय दुरुस्त केलं. सगळं इंग्रजीत, इंजिनिअरच्या नकाशावर असतात तसल्या उभ्या अक्षरांत. ह्यांची वृत्तीच अशी की घडलं ते लिहायचं. खोटं बोलायचं सोडाच, एखादी गोष्ट लिहायची राहिली तरी त्यांना जेवण गोड लागायचं नाही. मी ती वही कधी उघडली नाही. सवतीची पत्रं कोण वाचतं?

मग एका मार्चमध्ये सकाळचा चहा पिता पिता ते खुर्चीवरून खाली कोसळले. फिट आली होती. हॉस्पिटल झालं, डोक्याच्या तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गाडी चालवायची नाही. मधे पुन्हा काही झालं, तर पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. आणि मधे मधे होतच होतं, फक्त कोसळण्याइतकं नाही. बोलता बोलता माणूस अर्धा मिनिट हरवायचा. डोळे उघडे, हातात चमचा, आणि घरात कुणी नाही. परत आले की "काय म्हणत होतीस?" असं विचारायचे, जणू मीच मधे उगाच गप्प बसले होते.

आमची छोटी कार मी चालवत होते. पिकअप मला जमण्यातली नव्हती. हाताने टाकायचे गिअर, ते एवढं मोठं धूड, आणि मागची खोली आरशात मावत नाही. म्हणजे ती चालवणारा माणूस एकच होता. त्याने मला शब्द दिला होता की गाडीला हात लावणार नाही. तरी मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी लायब्ररीत कामाला जायचे, तेव्हा पुस्तकांवर शिक्के मारताना माझ्या डोळ्यांसमोर ड्राइव्हवे असायचा. हे रजेवर, घरात एकटे, आणि बाहेर टाकीभर पेट्रोल.

"विकून टाकू या," मी म्हणायचे.

"अगं, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"आणि सातव्या महिन्यात हरवलात तर?"

त्यावर ते पेपर उघडायचे. लेक तेव्हा कॉलेजात, घरापासून तीन तासांवर. तिला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, ही कुड किल समबडी. यू हॅव टु टेल हिम." मराठीत तिला हे मला ऐकवता आलं नसतं. मी ह्यांना सांगितलं. रागावून सांगितलं, रडून सांगितलं, शपथ घालून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग मेमधल्या एका शुक्रवारी मी दुपारी एकला घरी आले, तर हे डायनिंग टेबलावर कागद घेऊन बसलेले. म्हणाले, "जाहिरात लिहितोय. गाडी काढून टाकू."

मला काय वाटलं असेल! थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते खोटं नाही, दोन महिन्यांची भुणभुण फळाला आली, असं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नव्हतं, तरी त्यांनी मुकाट्याने खाल्ली, हेही मी माझ्याच विजयात जमा केलं.

पण जाहिरात वाचली आणि कपाळाला हात लावला. गावातल्या छोट्या साप्ताहिकात लोक तीन ओळी देतात. ह्यांनी अकरा लिहिल्या, त्यातल्या सहा ओळी दोषांच्या. छपराचा मागचा डावा कोपरा एकदा गळला होता, बुजवला आहे. थंडीत दुसरा गिअर जरा अडतो. शेगडीची एक कळ मूळची नाही.

"अहो, ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?"

"घेणाऱ्याला सगळं कळलं पाहिजे," ते म्हणाले.

पहिल्यांदा एक नवंकोरं जोडपं आलं. मुलगी कॅम्पर बघून हरखून गेली होती. ह्यांनी तिला पलंग दाखवायच्या आधी गळलेला कोपरा दाखवला. मग नवऱ्याची तोंडी परीक्षा घेतली. ऑइल किती मैलांनी बदलणार? हिवाळ्यात पत्रा कसा धुणार? तो बिचारा म्हणाला, कार वॉशमध्ये नेईन. हे असे हसले की ती दोघं पुन्हा फिरकलीच नाहीत. दुसरा एक धिप्पाड गडी आला, त्याला फक्त पिकअप हवी होती, कॅम्पर नको. हे म्हणाले, जोडी आहे, तोडणार नाही. लेकीची सोयरीकसुद्धा आम्ही पुढे एवढ्या अटी घालून केली नाही.

माझं डोकं फिरलं. माझी खात्री झाली की ह्यांना गाडी विकायचीच नाही, मला गप्प करायला हा देखावा चाललाय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं तोंडावर बोलून मी दोन दिवस अबोला धरला.

तिसरी आली ती एक बाई. एकटीच, साठीच्या आसपासची, पांढरे आखूड केस, पायात पुरुषी बूट. शाळेची बस चालवायची, नुकतीच निवृत्त झाली होती. आल्या आल्या तिने आमच्याकडून एक पुठ्ठा मागून घेतला, जमिनीवर टाकला आणि पाठीवर झोपून गाडीखाली शिरली. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. बाहेर आली ती अंग झटकत म्हणाली, "या भागात इतकं स्वच्छ पोट मी बघितलेलं नाही." झालं. ह्यांनी तिला काही विचारलंच नाही. दुसऱ्या गिअरबद्दल सांगायला लागले, तर म्हणाली, "माझ्या बसचा तिसरा अडायचा." दोघं जाऊन एक चक्कर मारून आले. स्टिअरिंगवर ती होती, हे मी दारातून नीट बघून घेतलं.

मग हे बॉनेट उघडून काही दाखवत होते आणि ती खणातली वही चाळत उभी होती. मी लिंबाचं सरबत घेऊन बाहेर आले. पान उलटता उलटता तिने मान डोलावली आणि शेवटच्या पानावर थांबली.

"हे मला वाचता येत नाही," वही माझ्यापुढे धरून ती म्हणाली. "तुमच्या भाषेत आहे वाटतं. काही बिघाड लिहिलाय का?"

पानावर आधी इंग्रजी नोंदी होत्या. मंगळवार, चार मैल. शुक्रवार, पाच मैल. मंगळवार, चार मैल. पुढे 'बॅटरी उतरू नये म्हणून.' तारखा एप्रिलच्या, मेच्या. माझे लायब्ररीचे दिवस. मला दिलेला शब्द मोडला होता, आणि मोडला तो रीतसर, मीटरच्या आकड्यासकट लिहून ठेवला होता! असला चोर जगात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला होता.

त्याखाली शेवटची नोंद तेवढी मराठीत होती. तारीख, ज्या दुपारी ते जाहिरात लिहीत बसले होते, त्याच शुक्रवारची.

'शाळेजवळच्या स्टॉप साइनला थांबलो. किती वेळ थांबलो ते माहीत नाही. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं. समोरून मुलं रस्ता ओलांडून गेली होती. ती कधी गेली ते मी पाहिलेलं नाही. आता बास.'

 सरबताचा ट्रे कुठे ठेवावा ते सुचेना. राग आला होता, पण तो उभा राहायच्या आतच खाली बसला. माझी भुणभुण, माझे अश्रू, माझ्या शपथा, कशाचाच काही संबंध नव्हता. हा माणूस एकटा तिथे थांबला होता, एकटा घरी आला होता, आणि मी येईपर्यंत एकटाच त्या टेबलाशी बसला होता. आणि मी स्वतःची पाठ थोपटत होते.

ती बाई वाट बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "गाडीत काही बिघाड नाही."

बॉनेटपाशी हे ताठ उभे राहिले. त्यांनी ऐकलं होतं. फडक्याला हात पुसत आमच्याजवळ आले. मला वाटलं, आता विषय बदलतील. पण घेणाऱ्याने प्रश्न विचारला होता ना! त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि ती नोंद सावकाश, ओळीओळीने, तिला इंग्रजीत सांगितली. मला जे दोन आठवडे मराठीत सांगता आलं नव्हतं, ते एका परक्या बाईला सांगितलं. सांगताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याच कोपऱ्यावर मी बावीस वर्षं मुलं उतरवली आहेत. तुम्ही थांबलात. आणि नंतर पुन्हा थांबलात. दुसरं थांबणं फार लोकांना जमत नाही." आणि सरबताचा ग्लास उचलून तिने एका दमात संपवला.

शनिवारी ती गाडी न्यायला आली. कागद झाले. वही ह्यांनी तिच्या हातात दिली, शेवटच्या पानासकट. मी म्हटलं, ते पान फाडून ठेवा. म्हणाले, "वहीतलं पान फाडायचं नसतं." तिने पहिला गिअर टाकला, दुसरा जरासा अडला, आणि कॅम्पर डुलत डुलत वळणावरून दिसेनाशी झाली. मी ह्यांच्याकडे चोरून बघत होते. वाटलं, आता डोळे भरून येतील, आपण काय बोलायचं? हे म्हणाले, "सुटलो गं." एवढंच म्हणाले आणि घरात जाऊन दोन कप चहा टाकला.

दुपारी आम्ही डेव्हन अव्हेन्यूला, शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, किराणा आणायला निघालो. शिकागोपर्यंतचा रस्ता, शनिवारची गर्दी, मी स्टिअरिंगवर. आजारपणापासून हे माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जायचा, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे. "लेन बघ," "आरसा बघ," असं अखंड चालायचं. त्या दिवशी दहा मिनिटं झाली, वीस झाली, शब्द नाही. मी एका लाल दिव्याला थांबले आणि वळून पाहिलं, तर मान कलली होती, तोंड किंचित उघडं.  "अहो," मी म्हटलं. उत्तर नाही. मी हात लांब करून त्यांच्या दंडाला धरलं आणि तेवढ्यात ते घोरले.

चांगले खणखणीत घोरले. पाय सैल पसरलेले, हात मांडीवर उताणे. बायको गाडी चालवतेय म्हणून ज्याचा जीव दोन महिने वरखाली होत होता, तो माणूस गाढ झोपला होता. माझा जीव भांड्यात पडला. तीस वर्षं मी त्या घोरण्याला नावं ठेवत आले होते. त्या दिवशी मात्र रेडिओ बंद केला, दिवा हिरवा झाल्यावर गाडी हळूच उचलली, आणि त्यांना धक्का बसू नये म्हणून वाटेतला एकेक खड्डा चुकवत, डोळे पुसत, शिकागोपर्यंत ते ऐकत गेले.